मदत हवी आहे: इलेक्ट्रिक फ्रायर तेल तापवायचं थांबतच नाही

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात रंकाळ्याजवळ माझं छोटं वडा-भजीचं दुकान आहे. 12 लिटरचा, थ्री फेज, 6 किलोवॅटचा फ्रायर आहे. चार दिवसांपासून नॉब 180 वर ठेवला तरी तेल तापतच जातं. काल धूर निघाला, वडे बाहेरून काळे आणि आत बटाटा गार! शेवटी मागचं लाल रीसेटचं बटण (तेल फारच तापलं की वीज तोडणारं) उडालं तेव्हा कुठं बंद पडला. तेल गार झाल्यावर बटण दाबलं, तर पुन्हा तेच रडगाणं.

ज्यांच्याकडून घेतला ते रोज "उद्या माणूस पाठवतो" म्हणतात. शेजारचा वायरमन म्हणाला, "ते रीसेट बायपास करून देतो, दहा मिनिटांचं काम." मी हात जोडले. तेवढ्यानंच तर काल आग लागायची वाचली.

एक गोष्ट लक्षात आली. 180 झाल्यावर हीटिंगचा दिवा विझतो, पण कॉइलभोवती बुडबुडे चालूच. म्हणजे थर्मोस्टॅट बरोबर तोडतोय, पण कॉन्टॅक्टरचे (कॉइलची वीज चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचचे) पॉइंट चिकटलेत, असंच ना? का तेलातल्या सेन्सरच्या नळीवर बसलेल्या काजळीमुळं असं होत असेल? ती मी तेल काढून, मेन बंद करून घासली, फरक नाही.

उद्यमनगर किंवा लक्ष्मीपुरीत कॉन्टॅक्टर मिळेल, पण किती अँपिअरचा घेऊ? आणि हे काम नीट जाणणारा मिस्त्री कुणाच्या माहितीत आहे का? तोवर गॅसवर कढई चढवलीय.