बायको धावायला लागली आणि घराचं घड्याळच बदललं

जुळे_सोलापूरकर
नमस्कार मंडळी. प्रश्न घरगुती आहे, हसू नका.

बायको (वय ३९, शाळेत शिक्षिका) दिवाळीनंतर धावायला लागली. मला वाटलं, जिमसारखंच हेही संक्रांतीपर्यंत ओसरेल. संक्रांतीची गड्ड्याची जत्रा भरली, उठली, हिचं चालूच. पहाटे पावणेपाचचा अलार्म. संभाजी तलावाकडं जाते, तिथं अजून चार-पाच जणी असतात. रात्री साडेनऊला लाईट बंद. पूर्वी जेवणं झाली की आम्ही पार्क चौपाटीला चक्कर मारायचो, ते संपलं. कुणाचं रिसेप्शन असलं तरी हिचं लक्ष घड्याळाकडं.

बोलणंही बदललंय. आधी कुठल्याही कार्यक्रमाला "बघू" म्हणायची, आता सरळ "जमणार नाही" म्हणते. आमची आई म्हणते, सून बदलली. बरं, एवढं करून वजन काही फार उतरलेलं नाही. आणि आता सातारच्या हिल मॅरेथॉनचं खूळ डोक्यात आहे. २१ किलोमीटर, तेही घाटात! गुडघे गेले तर?

धावणाऱ्यांनी खरं सांगा, हे उतरतं का, की माणूस कायमचाच असा होतो?

कडक_भाकरी
भावा, पहाटे पावणेपाचला बायको घराबाहेर, तू गादीत, आणि तक्रार पण तुझीच? लई अवघड आहे बे तुझं. जा की तिच्यासोबत.

शिलाई_ताई
दादा, मी बाई आहे, धावते, आणि तुमच्या बायकोच्या बाजूनंच बोलणार आहे. आधीच सांगून ठेवते.

अशोक चौकाच्या पुढं माझं युनिफॉर्म शिवायचं युनिट आहे. दिवसभर बसून काम. मार्च ते जून शाळांची ऑर्डर, तेव्हा तर जेवायलाही वेळेवर उठणं होत नाही. चाळिशीनंतर शुगर काठावर आली, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. म्हणून मी पार्क मैदानावर जायला लागले. तिथं पहाटे भरतीची पोरं-पोरी पळतात. मंगळवेढा, अक्कलकोट, बार्शीकडची, शहरात खोली करून राहणारी. पोलीस भरतीला मुलांना १६०० मीटर पळावं लागतं, मुलींना ८००, आणि त्यासाठी ही लेकरं अंधारात येऊन घाम गाळतात. त्यातली एक मला म्हणाली, "काकू, नुसतं चालून काय होतंय? एक खांब पळा, दोन खांब चाला." तेवढंच माझं कोचिंग. पुढं कळलं की मोठमोठे प्रशिक्षकही नवख्याला हेच सांगतात. मिनिटभर पळायचं, दीडएक मिनिट चालायचं, आठवड्यातून तीन दिवस. आणि वेग इतकाच, की शेजारचीशी बोलता आलं पाहिजे. दम लागून बोलणं तुटलं की वेग कमी करायचा. मैदानावरच्या बायका मला विचारायच्या, "काय ओ, तुम्हीपण भरतीला बसलाव का?" विचारू देत.

वजनाचं म्हणाल तर साठ किलोच्या बाईला एक किलोमीटर पळायला साधारण ६० कॅलरी लागतात. म्हणजे पाच किलोमीटरचे तीनशे. घरी येऊन तूप लावून एखादी शेंगापोळी खाल्ली की हिशेब पूर्ण. वर भूक वाढते ती वेगळीच. त्यामुळं काट्याकडं बघून तिची परीक्षा घेऊ नका. फरक दुसरीकडं पडतो. हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला शिकतं, म्हणून बसल्या जागची नाडी उतरते. पळताना स्नायू रक्तातली साखर इन्सुलिनची फार वाट न बघता ओढून घेतात. माझा तीन महिन्यांचा साखरेचा रिपोर्ट हळूहळू खाली आला तो असाच. (कुणी इन्सुलिन किंवा शुगर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असेल तर डॉक्टरांना विचारूनच पळा, साखर एकदम खाली जाऊ शकते.) आणि झोप. साडेनऊला डोळे मिटतात ते तुमच्यावर रुसून नाही. पाय मागतात ती झोप.

आता "जमणार नाही"चं. त्या पाऊण तासात मला कुणी काही विचारत नाही. बटणं संपली, कारागीर आला नाही, डब्यात काय देऊ, लाईट बिल भरलं का, यातलं काही नाही. फोन घरी ठेवून जाते. अशात डोक्यातले हिशेब आपोआप सुटायला लागतात. एक व्यापारी वर्षानुवर्षं एकाच मजुरीवर माझ्याकडून माल शिवून घेत होता. दोरा महाग झाला, वीज महाग झाली, कारागिरांचा पगार वाढला, पण ह्याचा दर जाग्यावर. विचारलं की "पुढच्या सीझनला बघू ताई." एका सकाळी पळता पळता शाळेच्या पिनोफ्रॉकचा (मुलींच्या बिनबाह्यांच्या फ्रॉकचा) एक नग मनातल्या मनात कटिंगपासून इस्त्रीपर्यंत शिवून बघितला, तर हातात राहत होते जेमतेम चहाचे पैसे. दहा वाजता त्याच्या गादीवर जाऊन सांगितलं, या भावात होणार नाही. तो म्हणाला, "ताई, तुम्ही अशा नव्हता." तुमच्या आईंचंच वाक्य झालं की हे! त्यांना माझा नमस्कार सांगा आणि सांगा, सुनेला हे पूर्वीही जमत नव्हतंच, आता ती तसं बोलून दाखवते इतकंच.

आणि त्या पहाटेच्या अलार्मवर चिडू नका. सोलापूरचा मे म्हणजे पारा बेचाळीस-त्रेचाळीस. सहाच्या आत उजाडतं आणि सातला ऊन पाठीत बसतं. पाचला बाहेर पडलं तरी परत येईपर्यंत माझ्या काळ्या टी-शर्टवर गळ्यापासून खांद्यापर्यंत मिठाची पांढरी रेघ वाळलेली असते. उन्हाची सवय व्हायला शरीराला दहा-बारा दिवस लागतात, तोवर वेग आणि अंतर दोन्ही कमीच ठेवायचं. घरी आल्यावर ताकात मीठ-जिरं घालून मोठा पेला.

शेवटचं, आणि तुमच्या कामाचं हेच आहे. आपल्या गावात नळाला चार-चार, पाच-पाच दिवसांनी पाणी. पाण्याचा दिवस आला की बाईचं पळणं बंद, हे मी किती जणींच्या घरी बघते. पुरुष मात्र पाण्याच्या दिवशीही मैदानावर दिसतात! आमचे हे धावण्यावर कधी चांगलं बोलले नाहीत की वाईट. फक्त पाण्याला उठायला लागले. पहिल्यांदा मोटर चालू करून पेपर वाचत बसले, टाकी भरून जिन्यातून पाणी खाली, सासूबाईंनी सगळी गल्ली जागी केली. तरी पुढच्या वेळी उठले. तुमच्याकडं पाण्याच्या दिवशी कोण उठतं?

पायदुखी_सल्ला
मी फिजिओथेरपिस्ट आहे. गुडघ्यांबद्दल बोलतो, बाकीचं ताईंनी सांगितलंच आहे.

हौसेनं, बेताबेतानं धावणाऱ्यांचे गुडघे झिजतात हा समज जुना आहे. २०१७ साली बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला होता. त्यात हौशी धावपटूंपैकी साधारण ३.५ टक्के लोकांना गुडघ्याचा किंवा खुब्याचा संधिवात आढळला, आणि बसून राहणाऱ्यांत हेच प्रमाण १० टक्क्यांच्या आसपास होतं. स्पर्धेसाठी जीव तोडून पळणाऱ्यांत मात्र ते १३ टक्क्यांच्या वर होतं, तेव्हा अति तिथं माती आहेच.

माझ्याकडं येणाऱ्यांची तक्रार बहुतेक नडगीची असते. दम काही आठवड्यांत वाढतो, पण हाडं आणि स्नायूबंध तयार व्हायला महिने लागतात. माणसाला वाटतं, आता दहा किलोमीटर सहज जाईन, आणि जातोही. नडगी दुसऱ्या दिवशी बोलते. एकाच जागी बोट ठेवल्यावर कळ येत असेल तर धावणं थांबवून दाखवून घ्यावं, तिथं हाडाला बारीक चीर असू शकते. बायकांनी हिमोग्लोबिनही तपासावं. नीट झोपूनही दम पुरत नसेल तर अनेकदा लोह कमी निघतं.

साताऱ्याचं म्हणाल तर पहिला अर्धा यवतेश्वर घाटाचा चढ आणि मग तोच रस्ता उतार. लोक चढाला घाबरतात, मांड्या मोडतात त्या उतारावर. आपलं गाव सपाट, सरावाला घाट नाही, म्हणून पायऱ्या चढायच्या आणि उतरायच्या पण.

जुळे_सोलापूरकर
ताई, पाण्याला तीच उठते. म्हणजे त्या दिवशी धावायला जात नाही, हे तुमचं वाचून लक्षात आलं. आजवर मला वाटायचं त्या दिवशी ती सुट्टी घेते. आज विचारलं तर म्हणाली, "सुट्टी कसली, ड्रम कोण भरणार?" परवा पाणी आहे, उठतो.

पण २१ किलोमीटरचं अजून पटत नाही. बाईमाणसाला एवढं झेपतं का, असं आईच नाही, माझा मित्रही म्हणतो.

शिलाई_ताई
मित्राला सांगा, हेच म्हणत म्हणत ऑलिंपिकवाल्यांनी १९८४ पर्यंत बायकांची मॅरेथॉनच ठेवली नव्हती. आणि ललिता बाबर कुठली? माण तालुक्यातल्या मोहीची, आपल्यासारख्याच दुष्काळी पट्ट्यातली. २०१६ ला रिओ ऑलिंपिकच्या ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या, अंतिम फेरीत पळाली, दहावी आली. मित्र किती किलोमीटर पळतो?

कडक_भाकरी
मित्र पार्क चौपाटीवर प्लेट घेऊन उभा असेल.

जुळे_सोलापूरकर
गप बे. बरं, तिचे शूज टाचेला पार घासलेत. वाढदिवस जवळ आहे, गुपचूप नवे आणून द्यावेत म्हणतो. सहा नंबर लागतो. कुठले घेऊ?

पायदुखी_सल्ला
गुपचूप आणू नका. धावायचा शूज पायात घालून बघूनच घ्यायचा. तिला संध्याकाळी घेऊन जा, दिवसभरात पाय थोडे फुगलेले असतात. पुढं अंगठाभर जागा राहिली पाहिजे, म्हणून नेहमीच्या चपलेपेक्षा अर्धा-एक नंबर मोठाच लागेल. कंपनी कुठलीही चालेल, दुकानात चार पावलं पळून बघू द्या. साधारण पाचशे ते आठशे किलोमीटरला जोड बदलायचा. आणि नवा जोड घालून थेट साताऱ्याला नको, आधी महिनाभर तलावावर वापरू दे.

शिलाई_ताई
आणि संध्याकाळी नेणार असाल तर साडेआठच्या आत घरी आणा.