'गायकी', 'गीतलेखन' आणि पॉप अल्बम

प्रश्न
इंग्रजी पॉप गायिकांच्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या अल्बमांवर मी मराठीत लेख लिहिते आहे. 'व्होकल्स'साठी 'गायकी' आणि 'साँगरायटिंग'साठी 'गीतलेखन' हे शब्द वापरलेत. पण 'बिली आयलिशची गायकी उत्तम आणि गीतलेखनही दर्जेदार' असं वाक्य लिहिलं की ते खटकतं. शब्द चुकतायत का? जाणकारांनी कृपया सांगावं.

उत्तर
तुम्हाला खटकतंय ते योग्यच आहे. आधी 'गीतलेखन' घेऊ, कारण खरा घोळ तिथे आहे. हा शब्द वाचला की मराठी वाचक फक्त शब्द धरतो, चाल धरत नाही. गीतरामायणात (१९५५-५६) शब्द गदिमांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. ही विभागणी आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की गीतकार म्हणजे शब्द लिहिणारा, हे कुणाला सांगावं लागत नाही. पॉपमधला 'साँगरायटर' शब्दही रचतो आणि चालही. वाद्यमेळ, ताल आणि ध्वनीची मांडणी हे प्रोड्यूसरचं काम, अर्थात या हद्दी तिथेही पुसट असतात. म्हणजे तुम्ही 'गीतलेखन दर्जेदार' लिहिता तेव्हा अर्ध्या कामाचं कौतुक होतं आणि अर्धं बाहेर राहतं.

दोन्ही एकत्र सांगणारा शब्द आपल्याकडे जुना आहे: वाग्गेयकार. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकरा'त त्याची व्याख्या दिली आहे. गाण्यातले शब्द म्हणजे मातू, सुरांची रचना म्हणजे धातू, आणि जो दोन्ही करतो तो वाग्गेयकार. पुढे तो प्रतवारीही लावतो. धातू चांगला पण मातू कमजोर असेल तर मध्यम. मातू रम्य पण धातू मंद असेल तर अधम. संगीतात चालीला पहिला मान, हे त्याने किती ठामपणे सांगितलं आहे! आणि दुसऱ्याच्या चालीवर फक्त शब्द बसवणाऱ्याला तो वेगळं नाव देतो, कुट्टिकार. जुन्या संगीत नाटकांच्या पुस्तकांत पदाच्या वर 'चाल : अमुक' असं छापलेलं असतं. ते काम या प्रकारचं.

ही कसोटी टेलर स्विफ्टला लावून पाहा. तिचा सहनिर्माता एरन डेसनर तिच्याकडे वाद्यांचा सांगाडा पाठवतो आणि ती त्यावर शब्द आणि चाल रचते, अशी त्यांची पद्धत २०२०च्या 'फोकलोर'पासून सर्वांना माहीत आहे. सांगाडा दुसऱ्याचा असला तरी गळ्यातून निघणारी चाल तिची, म्हणून ती कुट्टिकार नव्हे, वाग्गेयकारच. पण २०२४च्या 'द टॉर्चर्ड पोएट्स डिपार्टमेंट'च्या जोडअल्बममध्ये ३१ गाणी आहेत, आणि माझ्या कानांना त्यांतल्या बऱ्याच गाण्यांत मातू भरगच्च आणि धातू मंद वाटतो. ओळी लांबत जातात, सूर दोन-तीन स्वरांच्या आसपास घुटमळत राहतात. 'गीतलेखन चांगलं की वाईट' असं विचारलं तर या अल्बमबद्दल नीट बोलताच येत नाही. शब्द आणि चाल वेगवेगळी तोलली की लगेच बोलता येतं.

रोजच्या लिखाणात 'वाग्गेयकार' जड वाटत असेल तर 'रचना' आणि 'रचनाकार' वापरा. 'गीतलेखन' फक्त शब्दांबद्दल बोलायचं असेल तेव्हा ठेवा. आणि श्रेय नीट वाटा. आयलिशच्या 'हिट मी हार्ड अँड सॉफ्ट' (२०२४) मधली रचना ती आणि तिचा भाऊ फिनियस यांची आहे. सब्रिना कारपेंटरच्या 'शॉर्ट एन स्वीट'मधल्या प्रत्येक गाण्याच्या रचनेत एमी ॲलन आहे, आणि २०२५मध्ये ग्रॅमीचा 'वर्षातील साँगरायटर' हा सन्मान मिळवणारी ती पहिली स्त्री ठरली. परीक्षणात फक्त गायिकेचं नाव लिहिणं हा अशा लोकांवर अन्याय आहे.

आता 'गायकी'. आवाज म्हणजे जो गळा लाभला आहे तो. गायन म्हणजे या अल्बममध्ये तिने जे गायलं ते. गायकी म्हणजे परंपरेतून घडलेली गाण्याची रीत. किराणा घराण्याची गायकी म्हणतो तशी. एका अल्बमला गायकी म्हणू नये. तिथे 'गायन' पुरेसं आहे.

आणखी एक मत
गायकीबद्दल थोडा वेगळा विचार मांडते. यशवंत देवांनी 'शब्दप्रधान गायकी' हा शब्दप्रयोग भावगीतासाठी रुजवला. तिथे घराणं नाही, तरी रीत आहे. मग एरियाना ग्रांदेच्या गाण्यात व्हिटनी ह्यूस्टन आणि मराया कॅरी यांची वाट स्पष्ट ऐकू येते, तिला गायकी म्हणायला हरकत नसावी. मात्र तिच्या त्या झरझर उतरणाऱ्या सुरांना बरेच जण 'ताना' म्हणतात, ते मला पटत नाही. त्या छोट्या, शब्दाच्या शेवटी येणाऱ्या जागा आहेत. त्यांना 'हरकत' किंवा 'मुरकी' म्हणा, म्हणजे सुरांचं छोटं वळण.

पुन्हा पहिल्या उत्तरातून
मान्य. ग्रांदेपुरतं 'गायकी' मीही वापरेन.

मला जास्त काळजी 'सुरेल' या शब्दाची वाटते. आजच्या स्टुडिओत एकच ओळ अनेकदा गाऊन घेतात, त्यांतले चांगले तुकडे जोडतात आणि उरलेला सूर संगणकावर सरळ करतात. त्यामुळे अल्बम ऐकून 'सुरेल', 'दमसास मोठा' असं लिहिणं धोक्याचं आहे. ती प्रशस्ती मैफलीसाठी राखून ठेवावी. चार्ली एक्ससीएक्सच्या 'ब्रॅट'मध्ये तर यंत्राने बदललेला आवाज हाच मुद्दाम निवडलेला रंग आहे. तिथे सुरेल-बेसूर हा निकषच लागू होत नाही.

अल्बममध्ये ऐकायचा तो लगाव, म्हणजे आवाज लावण्याची पद्धत. आयलिशला 'कुजबुजणारी' म्हणून हिणवलं जायचं. पण 'द ग्रेटेस्ट' या गाण्यात ती गिटारच्या साथीवर अगदी दबलेल्या आवाजात सुरू होते आणि पुढे पूर्ण खुल्या आवाजात येते. तो बदल 'आवाज गोड आहे' म्हणून कळत नाही, लगाव बदलला असं सांगावं लागतं. बियॉन्सेच्या 'काउबॉय कार्टर'मध्येही 'डॉटर' हे गाणं गाता गाता ती 'कारो मियो बेन' या जुन्या इटालियन गीताच्या ओळी ऑपेराच्या लगावात गाते. एकाच गाण्यात दोन गळे असल्यासारखं वाटतं.

'फॉल्सेटो'साठी एक शब्द मात्र टाळा: 'खोटा आवाज'. छातीतल्या आवाजातून डोक्यातल्या पातळ आवाजात जाणं हा चॅपेल रोनच्या गाण्याचा प्राण आहे. ती ओळीच्या मध्येच अशी उडी घेते आणि तिथेच गाण्यातली कळ उमटते. 'खोटा' म्हटलं की वाचकाला दोष वाटतो. 'पातळ आवाज' म्हणा.

पुरवणी प्रश्न
आभार, 'रचना'च वापरते. पॉप गाण्याच्या उत्तरार्धात येणाऱ्या वेगळ्या भागाला, म्हणजे 'ब्रिज'ला, 'अंतरा' चालेल का?

उत्तर
नको. आपला अंतरा बहुधा त्याच चालीत पुन्हा येतो, दुसऱ्या कडव्यातही. ब्रिज बहुतेक एकदाच येतो, त्याची चाल निराळी असते, आणि तो झाला की शेवटचं ध्रुवपद ऐकताना त्याच ओळींचं वजन बदललेलं असतं. ऑलिव्हिया रॉड्रिगोच्या 'गट्स'वर लिहिणार असाल तर ब्रिजला वेगळा परिच्छेद द्या आणि शब्द 'ब्रिज' असाच ठेवा.