फ्रीजरमधे बर्फ जास्त थंड झाला की अजून फुगतो का?

दहावीची_आई
मुलाच्या विज्ञान भाग १ मधे पाण्याचं असंगत आचरण आणि ते होपचं उपकरण (मधे बर्फाने गार केलेलं पाण्याचं नळकांडं, वर आणि खाली एकेक थर्मामीटर) आहे, काल त्यावरच घरात वाद झाला. पुस्तकात आहे की पाणी ४ अंशाला सगळ्यात जड आणि त्याच्या खाली गेलं की प्रसरण पावतं. मग चिरंजीवांचं म्हणणं, फ्रीजर उणे १८ ला असतो, म्हणजे ४ पासून उणे १८ पर्यंत ते फुगतच जाणार आणि म्हणून काचेची बाटली फुटते. बाबा म्हणाले बरोबर, मला काही पटेना, पण मी आर्ट्सची. नक्की काय?

पाषाणकर
ताई तुमचीच बाजू बरोबर. यात दोन वेगळ्या गोष्टी मिक्स झाल्यात. १ लिटर पाणी ४ वरून ० ला आणलं तर वाढतं किती, साधारण ०.१३ मिली, दोन-तीन थेंब, त्याने कसली बाटली फुटतेय. सगळा राडा गोठताना होतो, तापमान शून्यावरच असतं पण त्याच लिटरचा जवळपास १०९० मिली बर्फ होतो, कारण बर्फात प्रत्येक रेणू चार शेजाऱ्यांना हायड्रोजन बंधाने ठराविक अंतरावर धरून बसतो आणि मधे पोकळी राहते. एकदा गोठला की मग बर्फ सरळमार्गी, थंड करा, आकसतो. शून्याला घनता ०.९१७ ग्रॅम प्रति घन सेमी, उणे २० ला ०.९२ च्या आसपास. म्हणजे उणे १८ ला तो उलट किंचित लहान झालेला असतो.

सदाशिव_पेठी
मग त्या ४ अंशाचं एवढं कौतुक कशाला, दोन-तीन थेंबांसाठी? मार्कांपुरतं?

पाषाणकर
नाही हो, बाटलीत नगण्य असलं तरी तळ्यात तेवढं पुरतं. काश्मीरचं दल सरोवर घ्या, वरचं पाणी गार होऊन खाली बसत राहतं, सगळं ४ ला आलं की त्याहून गार पाणी हलकं म्हणून वरच थांबतं आणि तिथेच गोठतं, खाली मासे जिवंत. होपच्या उपकरणातही खालचा थर्मामीटर ४ ला येऊन थांबतो आणि वरचा शून्यापर्यंत जातो ते याचमुळे. समुद्राला मात्र हे लावू नका, तिथलं खारं पाणी उणे १.९ च्या आसपास गोठेपर्यंत जडच होत जातं.

दहावीची_आई
धन्यवाद, बाबांना वाचायला दिलंय 😄 आता पुढचा प्रश्न आलाय, मग खडकवासल्यात असं काही होतं का?

धरणवाला
पुण्यात कितीही थंडी पडली तरी धरणाचं पाणी ४ ला जात नाही, त्यामुळे आपल्याकडे गरम पाणी वर आणि गार खाली, बास. पण थर लागतात बरं का, तेही उन्हाळ्यात. २५ वरून ३० ला जाताना लिटरमागे १.४ मिली वाढतं, म्हणजे तुमच्या त्या ४ ते ० च्या दहापट. मुलाला सांगा ग्राफ काढताना ४ च्या आसपास रेघ जवळजवळ सपाट ठेव, सगळे तिथे उगाच टोकदार डोंगर काढतात.