दसरा ते तुळशीचं लग्न : पायी फिरताना रानात काय दिसलं?

मंडळी, ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिन, १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. मधला आठवडा आपल्याकडे पक्षी सप्ताह. त्यानिमित्त मागणं एवढंच, की या दिवसांत रानात पायी हिंडताना जे पाहिलंत, ऐकलंत ते सविस्तर लिहा. जीपमधून दिसलेले वाघ पुढच्या वेळी. चातक आणि नवरंग परतीला लागलेले, उत्तरेकडचे माशीमार आणि वटवटे येऊन ठेपलेले, ओढ्यांना अजून पाणी. असं रान वर्षात पुन्हा मिळत नाही.

आधी माझं, मग तुमच्यापैकी काहींनी गावोगावहून लिहिलेलं. माझं कर्नाळा. सकाळी बराच वेळ सामसूम होती. मग भृंगराजाची शीळ आली आणि बघता बघता डोक्यावरची झाडं पाखरांनी भरली. शेपटीच्या दोन लांब तारा आणि टोकाला पिसांचे गोंडे मिरवत तो पुढे. मागून निखार, सुभग, वल्गुली आणि खोडावरून डोकं खाली करून उतरणारी शिलिंध्री. एकाने पान हलवलं की उडालेला किडा दुसऱ्याला मिळतो, शिवाय इतके डोळे असल्यावर शिकऱ्याला गुपचूप येता येत नाही. म्हणून हे मिळून हिंडतात. थवा सरकला की मागे धावू नका. तिथेच बसा, रेंगाळलेले पक्षी जवळून दिसतात.

बोरिवलीहून

राष्ट्रीय उद्यानातली शिलोंढ्याची वाट. ऑक्टोबरात इथे वर बघत चालावं, कारण दोन झाडांमध्ये जायंट वूड स्पायडर या मोठ्या कोळ्याची जाळी ताणलेली असतात. ऊन तिरकं पडलं की धागे चक्क सोनेरी दिसतात. मध्यभागी पाय पसरून बसलेली मादी तळहाताएवढी. नर शोधायला मला वेळ लागला. तो जाळ्याच्या कडेला होता, इतका बारीक की तिचं पिल्लू वाटावं. जाळं वाटेत आलं तर वाकून जा, काठीने तोडू नका, कळकळीची विनंती. कारवी (डोंगरातलं झुडूप) २०१६ नंतर २०२४ मध्ये फुलली. फुलून बी धरलं की ती मरते. तिच्या वाळलेल्या काठ्यांनीच पाड्यांवर कुडाच्या भिंती उभ्या राहतात.

अमरावतीहून

मेळघाटातला रानपिंगळा, म्हणजे एक छोटं घुबड. १८८४ नंतर हा पक्षी कुणाला खात्रीने सापडलाच नव्हता, नामशेष झाला असंच धरून चालले होते. १९९७ च्या नोव्हेंबरात अमेरिकन पक्षीतज्ज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो शहाद्याजवळ दिसला. पुढे मेळघाटातही त्याची चांगली वस्ती असल्याचं कळलं.

आमच्यासोबत वनरक्षक आणि कोरकू वाटाड्या होते. वाटाड्याने आवाज ऐकला, बोट केलं, आणि सागाच्या निष्पर्ण फांदीवर तो भर उन्हात बसलेला. साधा पिंगळा असता तर डोक्यावर ठळक ठिपके दिसले असते. याचं डोकं जवळजवळ साधं, पोट खालून स्वच्छ पांढरं, आणि शेपटी सारखी डावी-उजवी झटकत होता. मग खाली झेप घेऊन सरडा उचलला. माझे हात थरथरत होते, दुर्बीण स्थिर राहीना. एक विनंती : याची हाक मोबाइलवर वाजवून त्याला बोलावू नका. आपली हद्द राखायला तो धावून येतो आणि शिकार सोडून नसलेल्या शत्रूला शोधत बसतो.

लंडनहून

इथल्या रिचमंड पार्कात ऑक्टोबर म्हणजे हरणांचा माजाचा काळ. धुक्यात तांबड्या हरणाच्या नराची डरकाळी ऐकली तेव्हा अंगावर काटा आला. शिंगांत वाळलेलं नेचं अडकवून फिरतात, प्रतिस्पर्ध्यावर छाप पडावी म्हणून. निदान ५० मीटर दूर राहायचं, असा नियम आहे. पण माझं मन रमतं ते ‘जे’ (jay) नावाच्या पक्ष्यात. ओकची फळं चोचीत भरतो, मातीत एकेक पुरतो, वर पान सरकवतो. विसरलेल्या फळांतून नवे ओक उगवतात.

लोणावळ्याहून

थोडक्यात लिहितो. नोव्हेंबर संपताना पठारावर अमूर ससाणे. चतुर पकडून उडता उडताच खात होते. इथून पुढे अरबी समुद्र ओलांडून थेट आफ्रिका!

मंचरहून

शेकरूसाठी भीमाशंकर, पण मंदिराकडची गर्दी टाळून गुप्त भीमाशंकरची वाट धरा, आणि शनिवार-रविवार नकोच. १९८५ मध्ये हे अभयारण्य मुख्यतः शेकरूसाठीच झालं. आधी कर्कश टकटक ऐकू येते, मग खाली पडणाऱ्या साली आणि टरफलं. तिथे थांबून वर बघायचं. माझ्या मुलीला तो फांदीवर मागच्या पायांनी लटकून फळ खाताना दिसला. एक शेकरू बरीच घरटी बांधतो, त्यामुळे पानांचा प्रत्येक गोळा म्हणजे वेगळा शेकरू असं मोजू नका. मुलांना न्यायचं तर पाणी, टोपी आणि चॉकलेटी-हिरवे कपडे. भडक रंग घरी ठेवा.