सायक्लोस्पोरिनमुळे त्वचेचा लिम्फोमा वाढतो का?

रानवारा:
बाबांना बरीच वर्षं एक्झिमा म्हणूनच ट्रीटमेंट चालू होती, मांड्यांवर आणि कमरेखाली लालसर चट्टे, मलम लावलं की दबायचे, सोडलं की परत. खाज सहन होईना म्हणून सायक्लोस्पोरिन, म्हणजे इम्युनिटी दाबणारी गोळी, सुरू केलं. आधी एकदम आराम पडला, आम्ही खूश, आणि मग तेच चट्टे जाड व्हायला लागले, एक तर गाठीसारखा वर आला. आता बायोप्सीत मायकोसिस फंगॉइड्स आलंय, म्हणजे त्वचेतल्या टी पेशींचा (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशींचा) कॅन्सर, त्वचेचा लिम्फोमा. गोळीनेच कॅन्सर झाला का? आणि नवीन डॉक्टरांनी मेथोट्रेक्सेट लिहून दिलंय, ते पण इम्युनिटी दाबणारंच ना? डोकं चालेनासं झालंय.

अनुराधा_स्किन ओपीडी:
ताई, बहुतेक आजार आधीपासूनच असणार. सुरुवातीला हा हुबेहूब एक्झिमा किंवा सोरायसिससारखाच दिसतो, पहिल्या बायोप्सीत कित्येकदा कळतही नाही, त्यात स्टेरॉइड मलम चालू असलं की खुणा अजून पुसट होतात. जिथे ऊन लागत नाही तिथे, म्हणजे कुल्ले, मांड्या, कंबर इथे वर्षानुवर्षं न हलणारे चट्टे असले तर शंका घ्यायलाच हवी. सायक्लोस्पोरिनने आजार झाला असं नाही, पण बिघडलेल्या टी पेशींना आवर घालणाऱ्या चांगल्या टी पेशीच ते थंड करतं, म्हणजे राखणच उठवल्यासारखं. एकेकाळी टी पेशींचाच लिम्फोमा म्हणून यावर सायक्लोस्पोरिन देऊनही पाहिलं होतं, गुण टिकला नाही आणि काहींचा आजार उलट भराभर वाढला.

दिगंत:
आमच्या काकांचं ड्युपिलुमॅबवर, म्हणजे एक्झिमाच्या इंजेक्शनवर, असंच झालं, आधी खाज कमी मग अंगभर लाली. ते तर सरसकट इम्युनिटी दाबणारं औषधही नाही, तरी दडलेला लिम्फोमा त्यावर उघडा पडल्याच्या केसेस आहेत, अडॅलिमुमॅबसारख्या इंजेक्शनांवरही आहेत. माझं स्पष्ट मत, मोठ्या वयात नव्याने 'एक्झिमा' झाला आणि नेहमीच्या औषधांना दाद देत नसेल तर असलं काही सुरू करण्याआधी बायोप्सी मागून घ्या, एक नाही, दोनतीन जागांची.

रानवारा:
मग मेथोट्रेक्सेटचं काय??

अनुराधा_स्किन ओपीडी:
सगळी औषधं एका माळेत ओवू नका. मेथोट्रेक्सेट कमी डोसमध्ये याच लिम्फोमावर देतात, ते बिघडलेल्या पेशींची वाढच रोखतं. सुरुवातीच्या स्टेजला स्टेरॉइड मलम आणि ३११ नॅनोमीटरची यूव्हीबी लाइट हीसुद्धा रीतसर ट्रीटमेंट आहे. मात्र गाठ आली म्हणताय तर स्टेज नीट ठरवून घ्या, काखेतल्या-जांघेतल्या गाठी तपासणं, रक्तात सेझरी पेशी, म्हणजे याच लिम्फोमाच्या बिघडलेल्या टी पेशी, आहेत का ते फ्लो सायटोमेट्रीने (पेशी ओळखून मोजणाऱ्या तपासणीने) बघणं, गरज पडली तर स्कॅन. सायक्लोस्पोरिन घेतल्याचं नव्या डॉक्टरांना तारखांसकट सांगा.

केशर:
एक राहिलं. सायक्लोस्पोरिन किडनी ट्रान्सप्लांटनंतरही देतात, तर हे वाचून कोणी ट्रान्सप्लांटवाल्यांनी आपल्या गोळ्या परस्पर बंद करू नका, किडनी हातची जाईल, डोस कमी करायचा की औषध बदलायचं ते ट्रान्सप्लांटचे आणि स्किनचे दोन्ही डॉक्टर मिळून ठरवतात. आणि रानवारा, मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच असतं हं, रोज नाही, चुकून रोज घेतलं तर जिवावर बेतू शकतं. वार ठरवून पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा आणि मधल्या दिवसांत दुखण्याची कुठलीही गोळी विचारल्याशिवाय देऊ नका.