प्रति: सीव्ही जॉइंटआधी टायर बघा
ऑल-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणारी) गाडी पूर्ण स्टिअरिंग वळवून हळू जाताना अडखळते म्हणजे सीव्ही जॉइंट (चाकापर्यंत ताकद नेणाऱ्या दांड्याचा सांधा) गेला, असं वरच्या पोस्टमध्ये म्हटलंय. असेलही, पण तो गेला की सहसा टकटक आवाज येतो. मागून कुणी धरून ठेवल्यासारखी गाडी अडत असेल तर आधी खाली वाकून चारही टायर बघा. एक नवा नि तीन झिजलेले असले की नव्याचा घेर मोठा, फेरे कमी. मग सरळ रस्त्यावरही पुढच्या-मागच्या चाकांमध्ये ताकद वाटणारा मधला डिफरन्शियल किंवा क्लच फेऱ्यांमधला हा फरक पचवत तापत राहतो. सुबारू तर चारही टायरांच्या घेरातला फरक साधारण 6 मिमीच्या आत ठेवायला सांगते.

आमच्या वॅगनला तीन टायर एका कंपनीचे, चौथा भलताच होता. चारही सारखे घातले, मागच्या कपलिंगचं (मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या भागाचं) काळंकुट्ट ऑइल बदललं आणि अडखळणं थांबलं. या ऑइलची नोंद सर्व्हिस बुकात क्वचितच सापडते ('लाइफटाइम', म्हणजे कधी बदलावंच लागत नाही म्हणे, कुणाची लाइफ ते विचारायचं नाही). ट्रायल घेताना गाडी चांगली गरम झाल्यावरच मोकळ्या जागेत आठाच्या आकड्यात फिरवा. थंड गाडीत हा दोष बऱ्याचदा लपतो.