मदत हवी आहे: टकरमन रव्हीनमध्ये मे महिन्यातलं स्कीइंग, उरलेला बर्फ कसा जोखायचा?

नमस्कार मंडळी,

माउंट वॉशिंग्टनच्या टकरमन रव्हीनमध्ये मे महिन्यात स्कीइंग केलेलं इथे कोणी असेल तर सल्ला हवाय. मी बॉस्टनजवळ राहतो. मेच्या मध्यावर ऑफिसमधल्या एका मित्राबरोबर जायचं घाटतंय. तो बरीच वर्षं तिथे जातो, माझी पहिलीच खेप. कॅनन आणि वाइल्डकॅट या स्की रिसॉर्टवरचे ब्लॅक डायमंड, म्हणजे अवघड उतार, मी नीट उतरतो. भारतात असताना सह्याद्रीतल्या नाळा, घळी भरपूर चढलोय, त्यामुळे पायपिटीची काळजी नाही. काळजी आहे ती बर्फाची.

जागा माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. न्यू हॅम्पशायरमधला हा पर्वत 6,288 फूट, म्हणजे आपल्या कळसूबाईहून जेमतेम नऊशे फूट उंच. पण वारा भयानक. 12 एप्रिल 1934 रोजी माथ्यावर ताशी 231 मैल वारा मोजला गेला होता. हिवाळाभर हा वारा उघड्या माथ्यावरचा बर्फ उडवून पूर्वेकडच्या या खोलगट भागात आणून टाकतो. त्यामुळे आसपासची रिसॉर्ट बंद झाली तरी इथे बर्फ उरतो. लिफ्ट नाही. पायथ्याच्या पिंकहॅम नॉचपासून स्की पाठीवर बांधून हर्मिट लेकपर्यंत 2.4 मैल चढायचं, तिथून पुढे रव्हीन, आणि मग ज्या उतारावरून यायचं तोच बुटांनी पायऱ्या पाडत चढायचा. उतार 40 अंशांचे, काही ठिकाणी 50 च्या पुढे.

आता मुद्दा. मेमध्ये बर्फाखालून वितळलेलं पाणी वाहत असतं आणि वरचा थर आतून पोकळ होतो असं वाचलं. वरून अखंड दिसणारा बर्फ खाली पोखरलाय हे ओळखायचं कसं? मित्र म्हणतो, पहाटे निघू, आठला वर पोहोचू, लंच रॉक्स नावाच्या खडकांवर बसून खाऊ आणि मग ठरवू. पण हेडवॉलवरून (रव्हीनच्या मागच्या उभ्या भिंतीवरून) सुटणारे बर्फाचे मोठे तुकडे त्याच बाजूला येतात असंही वाचलंय. आणि आठ वाजता रात्रीचा गोठलेला बर्फ मऊ तरी झालेला असेल का? मी त्याला नाही म्हणायला कचरतोय असं नाही, पण नाही म्हणायचं तर कारण पक्कं हवं. त्याच्या अनुभवाला मी मान देतो, घरी वाट बघणारी माणसंही आहेत. हेल्मेट आहे, क्रॅम्पॉन (बुटांना लावायचे खिळे) आणि आइस अ‍ॅक्स भाड्याने घेईन.

प्रतिसाद १

तुमची शंका रास्त आहे, सविस्तर लिहितो.

आधी वेळ. वसंतातला चांगला बर्फ म्हणजे रात्री गोठून दिवसा उन्हाने सुटलेला दाणेदार कॉर्न स्नो, भिजलेल्या साबुदाण्यासारखा. त्याला रात्री थंडी आणि सकाळी ऊन दोन्ही लागतं. आठला तो बहुतेक दगडासारखा असतो. अशा बर्फावर पाय सुटला तर माणूस थेट खालच्या खडकांपर्यंत घसरतो. टकरमनमधले बरेच अपघात याच घसरण्याचे. दिवसभर ढग राहिले तर बर्फ सुटतच नाही. तेव्हा अंदाजात ऊन नसेल तर जाऊच नका.

रव्हीनमधली राइट गली, म्हणजे उजवीकडची घळ, दक्षिणेकडे तोंड करून आहे, ती लवकर मऊ होते आणि लवकर संपतेही. लेफ्ट गली ईशान्येकडे वळलेली, तिथे बर्फ सगळ्यात जास्त टिकतो. मेच्या मध्यावर बहुधा तुम्ही तिथेच जाल. पण दुपार कलली की तिच्यावर सावली येते आणि बर्फ पुन्हा कडक होतो. साडेदहा-अकराला चढायला लागा, दोनच्या आत खाली या.

पोकळीबद्दल: जिथून उतरायचं तिथूनच चढा, म्हणजे प्रत्येक पावलाला बर्फ तपासला जातो. पाण्याचा आवाज आला, करडी खोलगट रेघ दिसली किंवा स्कीची काठी मुठीपर्यंत सहज आत गेली तर बाजूला व्हा. खडकांच्या कडेने फट पडलेली असते, ती दिसते त्यापेक्षा खोल असते. हेडवॉलच्या मधोमध, लिपच्या म्हणजे वरच्या कडेच्या भागात, धबधब्याचं भगदाड उघडतं. वनखातं दर वसंतात तिथली पायवाट बंद करतं, आणि ती बंदी स्कीवाल्यांनाही लागू असते. तिकडे फिरकू नका.

लंच रॉक्सबद्दल तुमचं बरोबर आहे. वर बर्फ लटकत असताना तिथे बसू नये. हर्मिट लेकच्या निवाऱ्याच्या ओसरीवर बसा. निघण्याआधी माउंट वॉशिंग्टन अ‍ॅव्हलांच सेंटरची सूचना वाचा. मित्राला तीच दाखवा, वाद घालावा लागणार नाही.

प्रतिसाद २

एक भर. परतताना शेरबर्न ट्रेलवर (खाली पिंकहॅमकडे उतरणाऱ्या स्कीच्या वाटेवर) दोर आडवा बांधलेला दिसला की स्की काढा आणि पायवाटेने चालत उतरा. पुढे नुसता चिखल असतो आणि त्यावरून गेलं की उतार धुपतो. पायात जाताना साधे ट्रेकिंगचे बूट घाला, स्कीचे बूट सॅकवर. मला विचाराल तर पहिल्या खेपेला एप्रिलअखेर बरा. हिलमन्स हायवे (हीही स्कीची घळच) तेव्हा बर्फाने भरलेला असतो, तो मुख्य रव्हीनच्या बाहेर असल्याने हेडवॉलचा बर्फ अंगावर येत नाही. अर्थात तेव्हा हिमस्खलनाचा अंदाज जास्त काळजीने बघावा लागतो.

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. मित्राशी बोललो. आता दोन रविवार मोकळे ठेवलेत, ज्याच्या आदल्या रात्री पारा शून्याखाली आणि सकाळी स्वच्छ ऊन असेल तो धरू. नाहीच जमलं तर पुढच्या एप्रिलला हिलमन्स. आणखी एक विचारतो: लेफ्ट गलीच्या माथ्यावर स्की चढवायला सपाट जागा मिळते का, की उतारावरच खणून करावी लागते? आणि उतरताना आइस अ‍ॅक्स सॅकला बांधता की हातात ठेवता?